डॉ. ग्राइम्स यांचे रिकामे डबे

प्राध्यापक डॉ. ओडेटा ग्राइम्स यांच्या मौखिक इतिहास केंद्रातले सगळे डबे रिकामे निघाले आहेत. गेल्या सोमवारी विद्यापीठाच्या प्रवक्त्यांनी मला पाठवलेल्या लेखी उत्तरात या गोष्टीला दुजोरा दिला. "संग्रहातील एकाही डब्यात ध्वनिफीत आढळली नाही. प्रत्येक डब्यात हस्ताक्षरातील एक चिठ्ठी आहे," एवढीच दोन वाक्यं त्यात होती. मी लगेच खुद्द डॉ. ग्राइम्स यांना फोन केला. त्या घरीच होत्या. मागे भांडी विसळल्याचा आवाज येत होता.

"हो, मिस्टर सबनीस," त्या शांतपणे म्हणाल्या. "रिकामेच आहेत. पहिल्या दिवसापासून."

पुण्यातल्या एका दैनिकाच्या वृत्तविभागात माझी सव्वीस वर्षं गेली. रात्रपाळीला काय काय बातम्या टेबलावर येऊन पडल्या असतील, त्यांची गणती नाही. पण फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा उघडला तो माझाच लेख.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठीचा माझा लेख तीन आठवड्यांपूर्वीच देऊन झाला होता. तिसऱ्या परिच्छेदात 'चार दशकं जिवापाड जपलेला अमोल ठेवा' असे शब्द होते. तो लेख मी मागे घेतला आणि संपादकांकडून दहा दिवसांची मुदत मागून घेतली. हा दुसरा लेख आहे. बाईंबद्दलचा माझा आदर सोमवारनंतर कमी झालेला नाही, उलट वाढला आहे. पण तो जरा हादरलेला आदर आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्यांनी ती खोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन करतो. अमेरिकेतल्या आमच्या एडिसनपासून ट्रेननं पाऊण तासावर विद्यापीठ आहे. तिथल्या ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. भिंतीला लोखंडी मांडण्या, त्यांवर करड्या पुठ्ठ्याचे शेकडो डबे, प्रत्येकावर फक्त एक आकडा. नाव कुठेच नाही. कापडगिरणीतल्या, तुरुंगातल्या, लोकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, परदेशातून नवऱ्यामागे आलेल्या बायकांनी आपली आयुष्यं डॉ. ग्राइम्स यांना सांगितली आणि ती त्या डब्यांत आहेत, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. बारा वर्षांत मी तिथे कितीदा तरी गेलो. त्या खोलीत शिरलं की आम्ही सगळे आपोआप हळू आवाजात बोलायचो.

त्यांची माझी पहिली भेट मात्र त्या खोलीत झाली नाही. ती झाली एडिसनमधल्या एका शाळेच्या कॅफेटेरियात. आमच्या मराठी मंडळानं महिला दिनाला तो भाड्यानं घेतला होता. निवृत्त होऊन मी नुकताच मुलाकडे राहायला आलो होतो आणि मंडळाचं मासिक माझ्या गळ्यात पडलं होतं. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळीतल्या नामवंत अभ्यासक आणि कार्यकर्त्या पाहुण्या म्हणून येणार, एवढंच ठाऊक होतं. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष सॉफ्टवेअर कंपनीत होते. अमेरिकेत साहेबालासुद्धा पहिल्या नावानं हाक मारायची असते, हे त्यांना कंपनीनं पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. ते उत्साहानं माइकवर म्हणाले, "प्लीज वेलकम... ओडेटा!"

त्रेसष्ट वर्षांच्या बाई सावकाश उठून माइकपाशी आल्या. "माझं नाव डॉ. ग्राइम्स," त्या म्हणाल्या. "माझी आई जॉर्जियात गोऱ्यांच्या घरी इस्त्री करायची. त्या घरातली सहा वर्षांची मुलंसुद्धा तिला पहिल्या नावानं हाक मारायची. तिनं मात्र त्या मुलांना 'मिस्टर' म्हणायचं. म्हणून माझ्या घरात मी सगळ्यांना मिस्टर आणि मिसेस म्हणते, आणि सगळे मला डॉक्टर म्हणतात. यात राग नाही. ही आमच्याकडची रीत आहे."

अध्यक्ष कानांपर्यंत लाल झाले. मग बाईंनी भाषणाऐवजी प्रश्न विचारला. महाराष्ट्रातल्या दलित स्त्रियांची आत्मकथनं त्यांनी इंग्रजीतून वाचली होती. "तुमच्या या मंडळात त्या बायका कुठे बसल्या आहेत?"

एक गृहस्थ हसून म्हणाले, "मॅडम, इथे जात वगैरे काही नाही हो. आम्ही ते सगळं मागे सोडून आलो."

"छान," बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी लग्नाची असेल, तर तिच्या लग्नाच्या बायोडेटात काय लिहिलंय, ते वाचून दाखवाल का?"

मागच्या रांगांमधल्या बायका खो खो हसल्या. गृहस्थ बसले. जेवणाच्या वेळी काही जण कुजबुजत होते की बाई फार फटकळ आहेत. बाई मात्र ताटातला नागपुरी पाटोडी रस्सा पुसून खात होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण थांबायला तयार नव्हत्या.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

सुनंदाताई मागे स्वयंपाकघरात होत्या. नागपूरच्या, तेव्हा तिशीतल्या, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या. स्वतःला काम करायची परवानगी नाही, बँकेत खातं नाही, गाडी चालवता येत नाही. मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून होणाऱ्या जेवणाला, पाटोडी रस्सा आणायचा आणि आत भांड्यांजवळ उभं राहायचं, एवढीच त्यांची आम्हाला ओळख. डॉ. ग्राइम्स हातातलं ताट घेऊन आत गेल्या आणि तासभर बाहेर आल्याच नाहीत.

त्यानंतर मंडळातल्या सात-आठ बायकांशी त्या ठरावीक दिवशी बोलायला लागल्या. दुभाषी म्हणून मला बोलावलं आणि ऐकलेलं बाहेर न नेण्याचं वचन घेतलं. मी ते दिलं. मग मासिकाचा अंक आला, अडीच पानं रिकामी होती आणि छपाईला एक दिवस होता. मी लिहिलं. एका बाईचा संसार, तिचं एकटेपण, नवऱ्याचा हात उचलण्याचा स्वभाव. नाव बदललं. नागपूरचं कोल्हापूर केलं. मुलीचा मुलगा केला. सव्वीस वर्षांचा अनुभव होता, ओळख कशी लपवायची हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि बाईचं हळवेपण दिसावं म्हणून एक वाक्य ठेवलं: 'मंडळाच्या प्रत्येक पॉटलकला ती न चुकता पाटोडी रस्सा आणते.'

अंक शनिवारी सकाळी वाटला. दुपारपर्यंत ओक ट्री रोडवरच्या आपल्या बाजारात सगळ्यांना कळलं होतं. किराणा दुकानात एक ओळखीचे माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काय राव सबनीस, कोल्हापूरची बाई कधीपासून पाटोडी रस्सा करायला लागली?"

सोमवारी डॉ. ग्राइम्स यांचा फोन आला. सुनंदाताईंच्या नवऱ्यानं त्यांचा पासपोर्ट काढून घेतला होता. मुलीला इथेच ठेवून त्यांना एकटीला भारतात पाठवायची भाषा करत होता. "पत्ता तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मला घेऊन चला."

मी घेऊन गेलो. गाडीतून त्यांनी एक घडीची खुर्ची काढली, घरासमोरच्या फूटपाथवर मांडली आणि विणकाम घेऊन बसल्या. मी शेजारी थर्मास घेऊन उभा. वीस मिनिटांत पोलिसांची गाडी आली. कुणीतरी 'संशयास्पद व्यक्ती' म्हणून फोन केला होता. मागाहून कळलं, तो फोन आमच्यातल्याच एका काकूंनी केला होता. त्याच काकू महिला दिनाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. अमेरिकेत आल्यापासून मला बसलेला पहिला खरा धक्का तो.

तरुण पोलीस अधिकारी म्हणाला, "मॅम, इथे काय करताय?"

"बसलेय, ऑफिसर."

"ते दिसतंय. कशासाठी?"

"समोरच्या घरातल्या मिसेसचा पासपोर्ट त्यांना परत मिळायची वाट बघतेय. तो त्यांच्या नवऱ्याकडे आहे. मी स्वतः जाऊन मागितला असता. पण या गल्लीत मी कुणाचं दार वाजवलं तर तुम्हाला पुन्हा यावं लागेल." सुया चालूच होत्या.

अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, घराकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून बेल वाजवली. दहा मिनिटांत सुनंदाताई बाहेर आल्या. एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात अकरा वर्षांच्या मितालीचं दप्तर. मिताली मागे बुटांचे बंद बांधत होती. पुढची सोय, वकील, राहायची जागा, हे सगळं डॉ. ग्राइम्स यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. आठवड्यानं त्यांनी मला बोलावून त्यांच्या मावशीची हकिगत सांगितली. त्या लहान असताना मावशी पोटाच्या दुखण्यासाठी सरकारी दवाखान्यात गेली आणि घरी आली तेव्हा तिला मूल होण्याची शक्यता संपलेली होती. कुणी तिला विचारलंच नव्हतं. दक्षिणेत कितीतरी काळ्या बायकांच्या बाबतीत तेव्हा असं झालं. शहरातून एक बातमीदार आला. भला माणूस होता. मावशीनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं छापताना नाव बदललं, पण चर्चमध्ये पहिला सूर तीच लावते आणि तिच्या मनगटावर इस्त्रीचा डाग आहे, हे ठेवलं. आठवड्याभरात मावशीची इस्त्रीची तिन्ही घरं सुटली. ती त्यानंतर चर्चमध्ये कधी गायली नाही.

"त्यानं तिला अनोळखी लोकांपासून लपवलं, मिस्टर सबनीस," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखंच. पण तिला अनोळखी लोकांची भीती नव्हतीच."

मग त्यांनी मला शिक्षा सांगितली. छापलेला लेख घेऊन सुनंदाताईंकडे जायचं, तो त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचायचा, आणि त्या म्हणतील ते खोडायचं. छापून झाल्यावर खोडून काय उपयोग, असं माझ्यातल्या बातमीदारानं विचारलं. "उपयोग तुम्हाला होईल," त्या म्हणाल्या.

मी वाचला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लांब वाचन. सुनंदाताईंनी बॉलपेन घेऊन एकच वाक्य खोडलं. "पाटोडी रस्सा तेवढा काढा, काका. बाकी खरं आहे."

हीच डॉ. ग्राइम्स यांच्या कामाची पद्धत होती. एखादी बाई बोलली की ते टाइप करायचं, मग तिच्याकडे जाऊन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचं. तिनं म्हटलं की खोडायचं, कारण विचारायचं नाही. उरेल ते पुस्तकात. त्यांचे विद्यार्थी या पद्धतीला वैतागायचे, कारण एकेका प्रबंधाला आठ-आठ वर्षं लागायची. सगळं जग फोनवर रेकॉर्ड करत असताना बाई कॅसेट वापरायच्या, यावर तर विनोद चालायचे. "कॅसेटचं एक बरं असतं," त्या म्हणायच्या. "ती एका वेळी एकाच ठिकाणी असते." हा विनोद नव्हता, हे आम्हाला आत्ता कळतंय.

त्यांच्या विद्वत्तेबद्दल या ग्रंथात अधिकारी माणसं लिहितील. मला समजलं ते एवढं. कोर्टात गेलेल्या काळ्या बाईला विचारतात, तुमच्यावर अन्याय झाला तो काळ्या म्हणून की बाई म्हणून? डॉ. ग्राइम्स यांचं सगळं लेखन हा प्रश्नच चुकीचा आहे, हे दाखवण्यासाठी आहे. त्या म्हणतात, बाई घरात शिरते ती एकदाच शिरते. आधी रंग, मग बाईपण, मग गरिबी, अशी हप्त्याहप्त्यानं शिरत नाही. मराठी बायकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. एकीनं तर विचारलं, "हे कळायला पुस्तक लिहावं लागतं होय?" मी भाषांतर केल्यावर बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि ते वाक्य त्यांनी, त्या बाईला विचारून, पुढच्या पुस्तकाच्या सुरुवातीला घातलं.

राजकारणात त्या शाळकरी वयापासून आहेत. मतदार नोंदणीसाठी दारोदार फिरल्या, दोनदा तुरुंगात गेल्या. तुरुंगातल्या गरोदर बायकांना बाळंतपणातही बेड्या घालतात याविरुद्ध त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. एकदा स्थानिक निवडणुकीला उभ्या राहून पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या अंगणात लावलेले स्वतःच्या नावाचे फलक त्या स्वतः काढत फिरत होत्या आणि प्रत्येक दारात 'जागा दिल्याबद्दल आभार' म्हणत होत्या. "हरल्यावर कचरा लोकांनी का उचलायचा?" असं त्यांचं म्हणणं.

माझ्या पत्नीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दर मंगळवारी भेटायला यायच्या. पत्नीचं इंग्रजी बेताचं. बाई 'पाय' नावाचा रताळ्याचा भाजलेला गोड पदार्थ आणायच्या, पत्नीनं बरी झाल्यावर त्यांना रताळ्याचा कीस खायला घातला. दोघींमध्ये संभाषण म्हणाल तर रताळं एवढंच. पण एकदाही त्यांनी तिला 'मिसेस सबनीस' सोडून दुसरी हाक मारली नाही, आणि ती घरात मला सांगायची, "ही बाई मला माणसात धरते."

आता पुन्हा सोमवारकडे येतो. या वर्षी विद्यापीठानं हे केंद्र बंद केलं. तशी बरीच केंद्रं सध्या बंद होताहेत, त्याबद्दल इथे लिहीत नाही. संग्रह एका खासगी कंपनीकडे देऊन डिजिटल करायचा, सगळे आवाज संगणकाला ऐकवायचे, असं ठरलं. माझा मुलगा आता दूर अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये काम करतो. त्याला विचारलं की एखाद्या बाईनं नंतर नको म्हटलं तर? तो म्हणाला, "बाबा, एकदा अपलोड झालं की डिलीट हे नुसतं बटन असतं." कंपनीची माणसं खोलीत आली, पहिला डबा उघडला, दुसरा उघडला. संध्याकाळपर्यंत सगळे उघडले.

वाचून दाखवून झालं की कॅसेट त्या बाईच्याच हातात द्यायची, असा डॉ. ग्राइम्स यांचा पहिल्या मुलाखतीपासूनचा रिवाज होता. डब्यात त्या बाईनं स्वतःच्या हातानं लिहिलेली एक ओळ ठेवायची. जगाला सांगायची तेवढीच. हे त्या बायकांना माहीत होतं. आम्हाला, म्हणजे प्राध्यापकांना, संशोधकांना आणि पत्रकारांना, माहीत नव्हतं. एखादी टेप ऐकायची तर आधी त्या बाईची परवानगी घ्यावी लागे, आणि परवानगी मिळाली की ती बाई स्वतःच समोर येऊन बसे. त्यामुळे डबा उघडायची वेळ कुणावर आलीच नाही.

या ग्रंथाच्या संपादक त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या मंगळवारी फोनवर रडत होत्या, रागानं. "मी अर्धं आयुष्य त्या खोलीच्या भरवशावर काढलं." हे त्यांनी बाईंनाही तोंडावर सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही प्रबंधासाठी नऊ बायकांना भेटलात. त्यांच्या घरी गेलात, त्यांच्या हातचं जेवलात. खोलीची गरज कुठे लागली?"

मीही माझी शंका विचारली. कितीतरी बायका आता हयात नसतील. त्यांच्या नातवंडांनी घर आवरताना त्या कॅसेट कचऱ्यात टाकल्या असतील. एवढा इतिहास गेला, त्याचं काय? "हो, गेल्या असतील काही," त्या म्हणाल्या. "मलाही त्याचं वाईट वाटतं. पण त्या गेल्या त्यांच्या गेल्या. मी घालवल्या नाहीत." हे उत्तर मला अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यांना मी तसं सांगितलं आहे.

विद्यापीठाचं म्हणणं असं की ध्वनिफिती विद्यापीठाच्या मालकीच्या आहेत. डॉ. ग्राइम्स यांनी कोणती फीत कुणाला दिली, याची नावं आणि पत्ते द्यावेत. न दिल्यास त्यांचं सन्माननीय प्राध्यापकपद काढून घेतलं जाईल आणि पुढे कोर्टात जावं लागेल. पंचाहत्तराव्या वर्षी. आम्ही गौरवग्रंथ काढत असताना. मी म्हटलं, बायकांना कळवू का, गुरुवारी विद्यापीठाच्या समितीपुढे सुनावणी आहे, तिला या म्हणून? "कुणाला बोलावू नका, मिस्टर सबनीस," त्या ठामपणे म्हणाल्या. "मी बोलावलं की ते माझ्यासाठी होतं. त्यांच्यावर माझं काही ऋण नाही."

मी कुणाला बोलावलं नाही. रविवारी दुपारी सुनंदाताईंचाच फोन आला. बातमी त्यांच्या कानावर गेली होती. "काका, तुमच्याकडे जुना टेपरेकॉर्डर आहे ना?"

बारा वर्षांत सुनंदाताईंचं पुष्कळ बदललं आहे. घटस्फोट झाला, त्या लहान मुलांच्या पाळणाघरात काम करतात, स्वतःची गाडी चालवतात. मिताली आता तेवीस वर्षांची, देशाच्या दुसऱ्या टोकाला बॉथेलला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत असते. ती आदल्या दिवशी आली होती. मी पोचलो तेव्हा टेबलावर स्टीलचा चपटा डबा होता, पासपोर्ट ठेवायचा, आणि त्यात एक कॅसेट. मुलीनं ती कधी पाहिली नव्हती. त्या वेळी घरात काय काय झालं ते तिला अर्धंमुर्धं आठवत होतं. आईनं कधी विषय काढला नव्हता. सुनावणीत परक्या माणसांसमोर काही बोलायचं, तर आधी हिला सांगायला हवं, हे सुनंदाताईंनी ठरवलं होतं.

"आई, ट्वेल्व्ह इयर्स," मिताली म्हणाली. "तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

"तू अकरा वर्षांची होतीस गं."

"आय वॉज इलेव्हन फॉर वन इयर, आई."

मी टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले, कोणतं बटन दाबायचं ते मितालीला दाखवलं, आणि मागच्या अंगणात जाऊन बसलो. त्या टेपमधलं बरंचसं मी दुभाषी म्हणून कधीतरी ऐकलं होतं, तरी या वेळी ते माझ्यासाठी नव्हतं. मध्ये एकदा कॅसेट उलटल्याचा खटका ऐकू आला. दीड तासानं दार उघडलं. मितालीचे डोळे सुजले होते. तिनं आईचा हात धरलेला होता.

"काका," ती म्हणाली, "थर्सडेला तिकडे पार्किंग कुठे मिळतं?"

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तो दोघींना मोठ्यानं वाचून दाखवला आहे. डॉ. ग्राइम्स यांना फोनवर, इंग्रजीत करत करत. त्यांनी दोन वाक्यं खोडायला लावली. दोन्ही त्यांच्या स्तुतीची होती, आणि त्यांत 'निर्भय' हा शब्द होता. "मला रोज भीती वाटते," त्या म्हणाल्या. "ते नसलेलं चिकटवू नका." सुनंदाताईंना त्यांच्या घरी वाचून दाखवला. नाव बदलायचं का, विचारलं. नको म्हणाल्या. मग पाटोडी रस्स्याच्या वाक्यापाशी मी थांबलो आणि पेन त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"राहू द्या आता," त्या म्हणाल्या.

विद्यापीठातल्या त्यांच्या डब्यातली चिठ्ठी मराठीत होती. विद्यापीठाला ती वाचता आली नाही. प्रवक्त्यांनी परवा तिचा फोटो पाठवून माझ्याकडे अर्थ विचारला. मी अक्षर ओळखलं, आधी सुनंदाताईंची परवानगी घेतली आणि मग अर्थ कळवला. त्यांनी बारा वर्षांपूर्वी लिहिलं होतं: 'विचारायचं असेल तर मला विचारा.'

गुरुवारी सकाळी दहा वाजता समिती बसेल. ध्वनिफिती कुणाकडे आहेत, हा पहिला प्रश्न असेल आणि डॉ. ग्राइम्स त्याचं उत्तर देणार नाहीत, असं त्यांनी मला सांगितलं आहे. त्यानंतर उपस्थितांना प्रत्येकी तीन मिनिटं बोलता येतं. सुनंदाताईंनी काल आपलं नाव नोंदवलं. कॅसेट त्या घरी ठेवणार आहेत. बोलणार स्वतः, मराठीत, आणि शेजारी उभी राहून इंग्रजीत सांगणार मिताली. या वेळी दुभाषी मी नाही. आणखी कोण येणार, मला माहीत नाही. हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा निर्णय लागलेला असेल. डॉक्टरांच्या दारावरची पाटी राहिलेली असेल किंवा नसेल. आम्ही त्यांना डॉक्टरच म्हणणार.

सुनावणी लांबली तर बाई दिवसभर उपाशी राहतात, म्हणून सुनंदाताई घरून पाटोडी रस्सा करून नेणार आहेत. तिखट कमी करू का, असं त्यांनी मला विचारलं. मी नको म्हटलं. डॉ. ग्राइम्स यांना तो तेवढाच तिखट, डोळ्यांतून पाणी काढणारा, आणखी पंचवीस वर्षं पचत राहो आणि दर वेळी त्यांनी दुसऱ्यांदा मागून घ्यावा, एवढंच त्यांच्या पंचाहत्तरीला माझं मागणं आहे.